सासूबाईंच्या लघवीच्या पिशवीत गॅस कुठून आला?

पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. खानापूर तालुक्यातल्या एका सुनेनं लिहिलंय. सासूबाई ६८ वर्षांच्या, १४ वर्षं झाली शुगर आहे. आषाढात पाऊस धोधो चालू असताना त्यांना उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला आग व्हायला लागली, चार-पाच दिवस कुणाला बोलल्याच नाहीत, मग कळल्यावर मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या, जळजळ जरा कमी झाली आणि एका सकाळी त्या उठेनातच. ओटीपोट फुगलेलं, लघवी लालसर, आणि सुनेला ओळखेनात. बेळगावला नेलं, सीटी स्कॅन काढला तर डॉक्टर म्हणाले लघवीच्या पिशवीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या, भिंतीत गॅस भरलाय. १२ दिवस ॲडमिट, लघवीची नळी, सलाईनमधून अँटिबायोटिक, इन्सुलिन. आता घरी आहेत, नळी काढलीय. सून विचारते गॅस आला कुठून, जाऊबाई म्हणतात वाटाणे-चवळीची उसळ खाऊन वायू धरला. परत होईल का? इन्सुलिन आता कायमचं का? सासूबाई सौंदत्तीला यल्लम्माला जायचं म्हणून हट्ट करतात, न्यावं का? आणि शेवटी एक ओळ, "मावशी, माझंच चुकलं असं वाटत राहतंय."

पोरी, मावशी म्हणालीस म्हणून मीपण अगं-तुगंच करते. बेळगावात वॉर्डात नर्स म्हणून तीसेक वर्षं काढलीत, असल्या सासवा, आया, आज्ज्या लई बघितल्या, त्यामुळं तुझं पत्र वाचताना मला ती खाट, ती लटकलेली पिशवी आणि बाजूला स्टुलावर बसून राहिलेली तू अशी डोळ्यासमोर आलीस बघ. शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. तू त्यांना वेळेत बेळगावला नेलंस म्हणून त्या आज यल्लम्माचा हट्ट करायला आहेत. चूक कुठं झाली ते मी पुढं सांगणारच आहे, खरं ती एकट्या तुझी नव्हे.

आता उसळीचं. उसळीचा काही संबंध नाही, जाऊबाईंना सांग. उसळीनं होणारा वायू आतड्यातला, लघवीची पिशवी वेगळी, दोन्हीच्या मध्ये रस्ता नसतो. (क्वचित आतडं आणि पिशवी यांच्यात भोक पडतं आणि तिथून गॅस येतो, ते सीटीत बघतातच.) हा गॅस पिशवीतच तयार झाला. आंबोळीचं पीठ रात्री भिजवून ठेवतो, सकाळी फुगून वर येतं, बुडबुडे धरतं, तसंच आहे हे. इन्फेक्शन करणारे जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय नाहीतर क्लेबसिएला, हे साखरेवर जगतात आणि साखर आंबवून गॅस सोडतात, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन असले. शुगर वाढलेल्या माणसाच्या लघवीत साखर असते, पिशवीच्या भिंतीतसुद्धा ती पोचते, म्हणजे जंतूंना बसल्या जागी जेवण. गॅस भिंतीत शिरतो, पिशवीच्या आतही साठतो, काही बायका सांगतात लघवीतून बुडबुडे आले, फसफस झालं, तेच ते. डिस्चार्ज कार्डवर बघ, एम्फायसेमॅटस सिस्टायटिस असं लिहिलेलं असेल. नाव मोठं आहे म्हणून घाबरू नकोस, खरं हलकंही घेऊ नकोस.

हा आजार नेमका तुझ्या सासूबाईंसारख्या माणसांनाच गाठतो. २००७ साली १३५ रुग्णांचा एक आढावा छापून आला होता, त्यातले दोन-तृतीयांश शुगरवाले होते, जवळजवळ तेवढ्याच बायका, आणि सरासरी वय साठीच्या पुढं. शंभरातले साधारण ७ दगावले होते. म्हणजे ९३ वाचले, बहुतेक जण नळी, अँटिबायोटिक आणि शुगर कंट्रोल एवढ्यावरच, ऑपरेशन थोड्याच जणांना लागलं. हाच गॅस किडनीत झाला असता तर धोका कितीतरी मोठा होता, म्हणून डॉक्टरांनी सीटीची घाई केली. साध्या एक्स-रेमध्येपण हा गॅस कधीकधी दिसतो, खरं सीटीत नक्की कळतं, आणि वर किडनीपर्यंत पोचलाय का तेही कळतं.

त्यांनाच का झालं, शेजारच्या शुगरवाल्या काकूंना का नाही, असं तू विचारलंयस. एक कारण साखर, ते सांगितलं. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं शुगर असली की नसा बधिर होतात, पायाला मुंग्या येतात ते आपल्याला माहीत असतं, खरं लघवीच्या पिशवीच्या नसापण बधिर होतात हे कुणी सांगत नाही. पिशवी भरली तरी कळत नाही, आणि बाई जाऊन आली तरी पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, खाली तुंबलेलं पाणी राहतंच. तळ्यातलं साचलेलं पाणी आणि ओढ्याचं वाहतं पाणी यातला फरक तुम्हा शेतातल्या लोकांना मी काय सांगू. शुगर जास्त असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशीपण नीट लढत नाहीत. आणि पाळी गेल्यावर बायकांच्या त्या जागेची कातडी पातळ, कोरडी होते, तिथले चांगले जंतू कमी होतात, वाईटांना वाट मोकळी. पुरुषांना प्रोस्टेट वाढल्यानं लघवी तुंबते, तुझ्या सासऱ्यांना शुगर असेल तर हे त्यांच्यासाठीपण वाचून दाखव.

आता मेडिकलमधल्या गोळ्या. माझ्या मनाला सगळ्यात लागतं ते हे. तू लिहिलंयस गोळ्या दोन रंगाच्या होत्या, पाच दिवसांच्या, नाव आठवत नाही, चिठ्ठी नव्हती. जळजळ कमी झाली म्हणून सगळ्यांना वाटलं बरं झालं. अगं, जळजळ कमी होणं आणि इन्फेक्शन जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवीची आग थांबवायचं औषध असतं, गोड लागणारं सायट्रेटचं सिरप असतं, त्यानं आग थांबते आणि जंतू आत तसेच. आणि अँटिबायोटिक दिलं असेल तरी आपल्याकडचे बहुतेक ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या गोळ्यांना दाद देत नाहीत, हे भारतभर झालंय, कारण आपण सगळ्यांनी त्या शेंगदाण्यासारख्या खाल्ल्यात. अर्धं मरतं, अर्धं राहतं, आणि राहिलेलं जास्त चिवट.

शुगरवाल्यांना त्यात आणि एक धोका आहे, तो घराघरात माहीत पाहिजे. ग्लिमेपिराइड नाहीतर ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसानं या सिप्रो-नॉरफ्लॉक्स जातीच्या गोळ्या घेतल्या तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. घरच्यांना वाटतं इन्फेक्शन वाढलं, आणि खरं तर शुगर ५० झालेली असते. म्हणून घरात म्हातारं माणूस बरळायला लागलं की आधी ग्लुकोमीटर लावायचा, मग बाकीचं. ग्लुकोमीटर नसेल तर घ्या, आशा ताईंना विचारून ठेवा जवळ कुणाकडं आहे.

मग उन्हाळी लागली तर करायचं काय? डॉक्टरकडं जायचं, आणि गोळीचा पहिला डोस घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर (कुठला जंतू आहे ते बघायची तपासणी) द्यायचं. लॅबमधून निर्जंतुक बाटली आणायची, घरातली टॉनिकची रिकामी बाटली धुऊन नको. जागा साध्या पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार बाटलीत. दोन तासात लॅबला पोचली पाहिजे, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि त्याच दिवशी पोचवायची. रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो, तोवर डॉक्टर अंदाजानं औषध चालू करतात, आणि रिपोर्टात कुठलं औषध लागू पडतं ते आलं की बदलायचं तर बदलतात. ताप, उलटी, गुंगी असेल तर मात्र रिपोर्टची वाट बघत घरी बसायचं नाही.

धणे-जिऱ्याचं पाणी द्या, माझी ना नाही, पाणी पोटात जातंय ते चांगलंच. खरं उन्हाळी लागली म्हणून उसाचा रस, खडीसाखरेचं पाणी, साखरेचं कोकम सरबत, हे शुगरवाल्याला देणं म्हणजे जंतूंना पंगत वाढणं आहे.

आणि उलटंपण सांगते नाहीतर तू आता दर आठवड्याला लघवी तपासत बसशील. म्हाताऱ्या शुगरवाल्या बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानापण जंतू सापडतात, पस सेल्स (पुवाच्या पेशी) जास्त दिसतात. जळजळ नाही, ताप नाही, वागणं-बोलणं नेहमीसारखं आहे तर नुसत्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक घ्यायचं नसतं, त्यानं फायदा होत नाही आणि चिवट जंतू मात्र तयार होतात. रिपोर्ट हातात घेऊन मेडिकलमध्ये जायचं नाही, डॉक्टरना दाखवायचा.

आता मूळ गोष्टीवर येते. तुझ्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे, तू सहज लिहून गेलीस, "आमचं संडास परसात आहे आणि पावसात सासूबाई रात्री जायला भितात म्हणून त्या संध्याकाळी चारनंतर पाणीच पीत नाहीत." पोरी, तुझ्या सासूबाईंचा आजार तिथं सुरू झाला. खानापूरचा पाऊस मला माहीत आहे, शेवाळलेलं अंगण, लाईट गेलेली, जळवा, साप-किरडू, आणि एक अडुसष्ट वर्षांची बाई जिचे पाय बधिर आहेत. ती पाणी पिणार नाही, आणि लघवी आली तरी दाबून धरणार. चार महिने असं चाललं की पिशवी कशी राहील?

आणि मग ती सांगणार नाही. मुलाला सांगायची लाज, सुनेला सांगितलं तर तिला आणि काम, नातवंडांच्या देखत तर नाहीच. विचारलं तर म्हणणार, "मला काय होऊलालंय, काय नाही." माझी स्वतःची आई अशीच. मी वॉर्डात रोज दुसऱ्यांच्या आयांची लघवी मोजत होते आणि माझी आई गावाकडं जुन्या लुगड्याच्या घड्या वापरून, त्या पहाटे गुपचूप धुऊन, वाळत घालत होती. फोनवर ती मला मेलेल्या मावशीच्या नावानं हाक मारायला लागली तेव्हा मला वाटलं वय झालं. दोन दिवस मी वय झालं असंच म्हणत राहिले. तिला आणलं तेव्हा शुगर ४०० च्या वर आणि बीपी लागत नव्हतं. ती त्यातून उठली, खरं त्यानंतर काठीशिवाय चालली नाही. म्हणून सांगते, म्हातारं माणूस एक-दोन दिवसात बदललं, कालपर्यंत नीट होतं आणि आज झोपूनच आहे, जेवत नाही, पडतंय, भलतंच बोलतंय, शुगर कारण नसताना वाढलीय, तर त्याला वय म्हणायचं नाही. वयानं माणूस दोन दिवसात बदलत नाही. लघवीचं इन्फेक्शन असेल, शुगर खाली गेली असेल, सोडियम कमी झालं असेल, लकवा असेल, काय आहे ते डॉक्टर शोधतील, आपलं काम त्याच दिवशी न्यायचं. आणि ताप नाही म्हणून निवांत राहू नकोस, म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असं नाही.

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, खोलीचं. त्यांच्या खाटेजवळ रात्रीसाठी कमोडची खुर्ची ठेव, खाली भांडं असलेली मिळते, बेळगावात सर्जिकल सामानाच्या दुकानात विचार, नाहीतर प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून खाली झाकणाची बादली ठेवली तरी चालतं, आमच्या वॉर्डातल्या कितीतरी घरांनी असं केलंय. मध्ये पडदा लाव, बॅटरी ठेव. आणि सकाळी ती बादली कोण ओतणार हे नवऱ्याशी बोलून ठरव, तू एकटीनं अंगावर घेऊ नकोस, मुलानं आईची बादली ओतली तर काही बिघडत नाही. त्यांना हे दिसलं की त्या पाणी प्यायला लागतील. दिवसभरात दीड-दोन लिटर, हार्ट किंवा किडनीमुळं डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं असेल तर तेवढंच.

दुसरं, लघवी आली म्हणून जायचं असं नाही, घड्याळ बघून जायचं, दिवसा दर तीन तासांनी, कारण पिशवी त्यांना नीट सांगत नाही. बसल्यावर घाई नको, झाल्यावर दोन मिनिटं तशीच बसून, जरा पुढं वाकून परत एकदा प्रयत्न करायचा. पुढच्या भेटीला डॉक्टरांना विचार, लघवी करून झाल्यावर किती उरते ते सोनोग्राफीत बघायचं का. बऱ्याच वेळा पिशवी भरून सोनोग्राफी होते आणि नंतरची राहूनच जाते. शंभर-दीडशे मिलीच्या वर उरत असेल तर त्याचा वेगळा विचार करावा लागतो. इन्फेक्शन परत परत होत असेल तर त्या जागी लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, पाळी गेलेल्या बायकांना तिचा चांगला उपयोग होतो, लाजून विचारायचं राहू देऊ नकोस. धुताना पुढून मागं, डेटॉलचं पाणी आत वापरायचं नाही, आणि पोट साफ राहू दे, बद्धकोष्ठानंपण लघवी तुंबते.

गोळ्यांची पिशवी घेऊन बस आणि नावं वाच. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का बघ. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० ला संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ ला, तेव्हापासून स्वस्त झाल्या आणि घरोघरी पोचल्या. हार्टला, किडनीला त्या चांगल्या आहेत म्हणून स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. खरं त्यांनी खाजेचं, बुरशीचं इन्फेक्शन वाढतं हे नक्की, आणि एवढं मोठं लघवीचं इन्फेक्शन झाल्यावर पुढं चालू ठेवायच्या का हे डॉक्टरांनीच ठरवायला पाहिजे, तू फक्त विचारायला विसरू नकोस. ताप-उलट्या असतील, जेवण जात नसेल त्या दिवशी या गोळ्या घ्यायच्या का हेपण आत्ताच विचारून ठेव. आणि या गोळ्या चालू असताना लघवीच्या रिपोर्टात साखर येणारच, ती बघून रडत बसू नको.

इन्सुलिन कायमचं का? तसं काही नसतं. इन्फेक्शनमध्ये शुगर भडकते म्हणून देतात, पुढं बऱ्याच जणांचं बंद होऊन परत गोळ्यांवर येतं, आणि राहिलं तरी ती शिक्षा नाही. तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी, या वयात साडेसात-आठच्या आत असली तरी पुष्कळांना चालते, तरण्या माणसासारखी सहावर आणायच्या नादात रात्री शुगर खाली जायला नको.

आता हे नीट वाच. थंडी वाजून ताप, कमरेत एका बाजूला कळ, उलट्या, सहा-आठ तास लघवीच नाही, लघवीत रक्त किंवा बुडबुडे, ओटीपोट टणक, श्वास जोरात, गुंगी, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन, आणि सरळ जिथं सीटी होतो तिथं. बेळगावात जिल्हा हॉस्पिटल आहे, प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. मिरजेला, कोल्हापूरला न्यायची आपल्या भागाची जुनी सवय आहे, आणि तिथं चांगलं होतंच, खरं खानापुराहून बेळगाव अर्ध्या-पाऊण तासावर आहे, त्या अवस्थेत घाट-हायवे करत तीन-चार तास घालवू नका. डिस्चार्ज कार्ड आणि जुना कल्चर रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवून ठेव, मागच्या वेळी कुठला जंतू होता हे कळलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. ड्युटीवर कन्नड सिस्टर असली आणि सासूबाईंना बोलायला सुचलं नाही तर "उरी मूत्र" एवढं म्हणालं तरी तिला कळतं.

राहिलं यल्लम्माचं. न्या की. १२ दिवस खाटेवर पडून त्यांनी देवीला बोललेलं असणार, ते मनात घेऊन किती दिवस बसतील. आधी डॉक्टरांकडची ठरलेली तपासणी होऊ दे, अँटिबायोटिकचा कोर्स संपू दे, बाकी राहिला असेल तर एकपण डोस न चुकवता. पौर्णिमेच्या गर्दीत नको, साध्या वारी न्या, मंगळवार-शुक्रवार सोडून. सौंदत्तीपर्यंत अडीच-तीन तासांचा रस्ता, आणि आपल्या बायका अशा प्रवासाला निघताना सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत, वाटेत कुठं जायचं म्हणून. ते या वेळी करायचं नाही. बाटली हातात दे, उपास धरू देऊ नकोस, गोळ्या-इन्सुलिन वेळेवर आणि सोबत खायला भाकरी. आणि गाडी दर दीड-दोन तासांनी थांबवायची, जिथं बरं संडास आहे तिथं. हे तुझ्या नवऱ्याला आधीच सांगून ठेव, त्यानंच म्हणायला पाहिजे, "मला चहा प्यायचाय, थांबूया," म्हणजे आईला गाडी थांबवा असं तोंडानं म्हणावं लागणार नाही.